नवीन घर लावताना काय घ्यायचं, कोणाला बोलवायचं

नवीन घरात राहायला गेलं की पहिल्या आठवड्यात पैसे भराभर जातात आणि विचार करायला वेळच नसतो, कारण बादलीपासून गादीपर्यंत सगळं एकदमच लागतं आणि दुकानात जे समोर दिसेल ते उचललं जातं. ओळखीतले बरेच जण मला विचारतात, मिक्सर कुठला घेऊ, पाण्याला फिल्टर लावू का, चांगला इलेक्ट्रिशियन आहे का कोणी, आणि मी सगळ्यांना आधी एकच गोष्ट बघायला सांगते: ही वस्तू बिघडली की पुढे काय? तिचं रबर, वॉशर, फिल्टर, कपलर सुटं मिळतं का, आणि ते बसवून देणारा माणूस जवळपास आहे का. घरातली वस्तू सहसा अख्खी खराब होत नाही, तिच्यातला एक छोटा भाग झिजतो, आणि तो भाग मिळाला नाही की चांगली वस्तू भंगारात जाते. खाली जे सांगतेय ते सगळं याच हिशोबाने आहे. ब्रँडची नावं फार घेतलेली नाहीत, कारण मॉडेल सारखी बदलतात, काय बघून घ्यायचं ते मात्र तेच राहतं.

पहिल्या दिवशी खरेदी नको, आधी चाव्या शोधा

सामान उतरायच्या आधी दोन गोष्टी शोधा, पाण्याची मुख्य चावी आणि विजेचा मेन स्विच. दोन्ही एकदा बंद करून परत चालू करून बघा, कारण बऱ्याच जुन्या घरांत पाण्याची चावी वर्षानुवर्षं कोणी फिरवलेली नसते आणि ती जाम झालेली असते, मग पाइप फुटला की पाणी बंदच करता येत नाही. घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, या दोन जागा माहीत हव्यात.

विजेच्या बोर्डावर एमसीबीच्या, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या, ओळीत एक जरा रुंद स्विच असतो, त्यावर टेस्ट किंवा नुसतं टी लिहिलेलं छोटं बटण असतं. तो आरसीसीबी. माणसाला शॉक लागला, म्हणजे करंट शरीरातून जमिनीत जायला लागला, की तो क्षणात सप्लाय तोडतो, आणि माणसाच्या बचावासाठीचा आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा असतो. ते बटण दाबलं की घरातली वीज खट्कन जायला हवी. गेली नाही तर बाकी सगळी खरेदी बाजूला ठेवा आणि आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. बोर्डात असा स्विचच नसेल तरी तेच, गादी आठवडाभर उशिरा आली तर चालेल. पुढेही दर दोन-तीन महिन्यांनी हे बटण दाबून बघत जा, वापरलंच नाही तर आतली यंत्रणा अडकून बसू शकते.

पहिल्या आठवड्याला खरं तर फार कमी लागतं. झोपायला काहीतरी, दोन-तीन भांडी, एक सुरी, बादली-मग, झाडू, दिवे आणि टॉर्च. बाकीचं आठवडाभर राहून मग ठरवा, ऊन कुठून येतं, सॉकेट कुठे आहेत, कपडे कुठे वाळतात हे कळल्याशिवाय कपाट आणि मशीन घ्यायची घाई करू नका. मोठी वस्तू घ्यायच्या आधी दरवाजा, जिना आणि लिफ्टचं माप टेपने घ्या, नुसत्या ठेवायच्या जागेचं घेऊन चालत नाही. फ्रीज दारातून आत जात नाही हे डिलिव्हरीच्या माणसांसमोर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

गादी

इथे पैसे टाका, माझं स्पष्ट मत आहे. दिवसातले सात-आठ तास ज्या वस्तूवर जातात तिच्यात काटकसर करून काय मिळतं? दुकानात जाऊन बूट काढून तिच्यावर खरंच आडवं व्हा, तुम्ही ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर, आणि दहा-पंधरा मिनिटं पडून राहा, लाजू नका. सोबत आलेल्या माणसाला मागून बघायला सांगा, कुशीवर झोपल्यावर मानेपासून कमरेपर्यंत पाठीचा कणा सरळ रेषेत दिसला पाहिजे. खांदा आणि कंबर रुतून मधे झोका पडत असेल तर ती जास्त मऊ आहे, आणि खांद्याला टोचून कंबर अधांतरी राहत असेल तर जास्त कडक.

फोमची गादी असेल तर डेन्सिटी विचारा. ती किलो प्रति घनमीटरमध्ये सांगतात, त्याच प्रकारच्या फोममध्ये 40 चा फोम 28 पेक्षा जास्त वर्षं आकार धरून राहतो. सेल्समन मऊपणा आणि डेन्सिटी एकच असल्यासारखं बोलतात, तसं नसतं, जास्त डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो. घरी आणल्यावर दर तीन-चार महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवा आणि पहिल्याच दिवशी धुता येईल असं कव्हर घाला, गादी धुता येत नाही, कव्हर येतं.

स्वयंपाकघर

सेट घेऊ नका. दहा-बारा भांड्यांचा सेट बघायला छान दिसतो आणि त्यातली तीन वापरली जातात. एक जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, एक लोखंडी किंवा बिडाचं भांडं, एक प्रेशर कुकर आणि हवंच असेल तर एक छोटं नॉनस्टिक, एवढ्यावर घर मजेत चालतं.

स्टीलवर 304 किंवा 18/8 लिहिलेलं असेल तर त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल आहे असा अर्थ, गंजायची भीती कमी. स्टील उष्णता नीट पसरवत नाही म्हणून पातळ बुडाच्या भांड्यात मधे करपतं आणि कडेला कच्चं राहतं, त्यावर उपाय म्हणजे ट्रायप्लाय, म्हणजे दोन स्टीलच्या थरांमधे ॲल्युमिनियमचा थर. इंडक्शन शेगडी असेल तर दुकानात एक छोटं मॅग्नेट घेऊन जा, बुडाला घट्ट चिकटलं तर चालेल, नाही चिकटलं तर भांडं तापणारच नाही.

नॉनस्टिकचा जो थर असतो, टेफ्लॉन, तो रॉय प्लंकेट यांना 1938 मध्ये दुसऱ्याच प्रयोगात अचानक सापडला, आणि त्याचं एक बंधन तेव्हापासून तसंच आहे, साधारण 260 अंशांच्या पुढे तो बिघडायला लागतो. रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवलं तर काही मिनिटांतच तिथपर्यंत पोचतं. म्हणून नॉनस्टिक कधी रिकामं तापवायचं नाही, लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचा वापरायचा, आणि थर निघायला लागला की भांडं बदलायचं, कारण यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. याच कारणाने मी बिडाच्या भांड्याची शिफारस जास्त करते. त्याला सुरुवातीला थोडं सांभाळावं लागतं, धुतल्यावर लगेच पुसून गॅसवर वाळवायचं आणि तेलाचा अगदी पुसट हात फिरवायचा, तेलाचा तो पातळ थर तापून भांड्याला पक्का चिकटतो आणि हळूहळू तेच तुमचं नॉनस्टिक होतं. गंज चढला तरी घासून पुन्हा तेल लावून नवं करता येतं.

प्रेशर कुकर घेताना माझी सगळ्यात जास्त खटपट रबरासाठी असते. दुकानदाराला कुकर दाखवायच्या आधी विचारा, याचं गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तुमच्याकडे सुटा आहे का, काढून दाखवा. नसेल तर दुसरा कुकर. आत दाब वाढला की पाणी 100 अंशांना न उकळता 120 च्या आसपास उकळतं, म्हणून शिजायला वेळ कमी लागतो, आणि तो दाब टिकवायचं काम त्या रबराच्या कड्यावर आहे. रबर कडक झालं, भेगा दिसल्या, बाजूने वाफ यायला लागली की बदला, ओढून-ताणून वापरू नका. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नका, आणि जे फुगतं किंवा फेसाळतं ते शिजवताना अर्ध्यापर्यंतच, नाहीतर फेस वर जाऊन वाफेची वाट बंद होते. झाकण धुताना वाफेच्या भोकातून उजेड दिसतो का बघायची सवय लावून घ्या.

मिक्सरचं एक बऱ्याच जणांना माहीत नसतं. चालू असताना एकदम बंद पडला तर पुष्कळ मिक्सरच्या बुडाला एक लाल बटण असतं, ओव्हरलोडचं. मोटर तापली की ते बाहेर येतं आणि मिक्सर थांबतो, थोडा वेळ थंड होऊ द्या, बटण आत दाबा, भांड्यातलं थोडं कमी करा, चालू होतो. आणि मोटर फिरतेय पण पातं फिरत नाही असं झालं तर खालचं कपलर झिजलेलं असतं, दातेरी रबराचा छोटा तुकडा. तो मुद्दाम मोटरपेक्षा कच्चा ठेवलेला असतो, पातं अडकलं तर तो तुटावा आणि मोटर वाचावी म्हणून. वॉट बघून मिक्सर घेण्यापेक्षा कपलर आणि भांडी सुटी मिळणारा घ्या.

सुरी एकच घ्या पण चांगली घ्या, साधारण 20 सेंटीमीटर पात्याची, आणि सोबत 1000 ग्रिटचा धार लावायचा दगड. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते, धारदार सुरीपेक्षा बोथट सुरीने हात कापायची भीती जास्त. काचेचा चॉपिंग बोर्ड घेऊ नका, धार लगेच जाते.

पाण्याचा फिल्टर, पण आधी पाणी तपासा

इथे सगळ्यात जास्त लोक विनाकारण खर्च करतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. विक्रेता घरी येतो, पाण्यात मीटर बुडवतो, मोठा आकडा दाखवतो आणि घाबरवतो. तो मीटर टीडीएस मोजतो, म्हणजे विरघळलेले क्षार. पाण्यात जंतू आहेत का, शिसं आहे का, यातलं काहीही तो मीटर सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार 600 मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी टीडीएसचं पाणी चवीला साधारण चांगलं असतं आणि 1000 च्या पुढे ते पिववत नाही, म्हणजे हा आकडा मुख्यतः चवीचा आहे.

तर आधी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, नळाचं पाणी पुरवणाऱ्यांकडे रिपोर्ट असेल तर तो मागा, आणि मग ठरवा. नुसता क्लोरीनचा वास येतोय तर कार्बन फिल्टर पुरतो. जंतूंची भीती आहे आणि पाणी गोडं, स्वच्छ आहे तर यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणारा फिल्टर, पुरेल, पण यूव्हीला पाणी नितळ लागतं, गढूळ पाण्यात प्रकाश पोचत नाही, आणि तो क्षार काढत नाही. खारं किंवा फार जड पाणी असेल किंवा रिपोर्टमधे नको ते धातू आले असतील तर आरओ, म्हणजे दाबाने अगदी बारीक पडद्यातून पाणी गाळून क्षारही काढणारा फिल्टर, आणि आरओ घेताना हे लक्षात ठेवा की तो पाण्याचा एक भाग बाहेर टाकतो, ते पाणी बादलीत जमा करून फरशी पुसायला वापरता येतं. कुठलाही घ्या, फिल्टर बदलायची तारीख मशीनवरच मार्करने लिहा. वेळेवर न बदललेला फिल्टर स्वतःच घाण होतो, आणि लोक वर्षानुवर्षं त्याच्यावर विसंबून पाणी पितात.

दिवे, बोर्ड, बॅटऱ्या

बल्ब घेताना वॉट बघायची सवय सोडा, लुमेन बघा. जुना 60 वॉटचा बल्ब जेवढा उजेड द्यायचा, तेवढा म्हणजे 800 लुमेनच्या आसपास, आताचा 8 ते 10 वॉटचा एलईडी देतो. रंग केल्विनमध्ये लिहिलेला असतो, झोपायच्या खोलीत 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, कामाच्या टेबलावर 4000, आणि 6500 चा पांढराफटक उजेड घरभर लावू नका, संध्याकाळी डोळ्यांना शांत वाटत नाही. सीआरआय नावाचा आकडा 90 च्या वर असेल तर ओट्यावर आणि आरशापाशी रंग खरे दिसतात, त्या दोन जागी तेवढा जास्त खर्च करा. पूर्ण बंद काचेच्या शेडमध्ये साधा एलईडी लवकर जातो, उष्णता बाहेर पडत नाही आणि आतलं सर्किट भाजतं.

एक्स्टेंशन बोर्डबद्दल मी जरा कडक आहे. त्यावर लिहिलेले अँपिअर आणि घरातले व्होल्ट यांचा गुणाकार करा, तेवढेच वॉट त्यातून जाऊ शकतात. 230 व्होल्टच्या घरात 6 अँपिअरचा बोर्ड म्हणजे 1380 वॉट, आणि एक साधी पाण्याची किटलीच त्याहून जास्त खाते. हीटर, इस्त्री, किटली, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन थेट भिंतीतल्या सॉकेटला. एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचायचा नाही. गुंडाळीची केबल असेल तर पूर्ण उलगडून वापरायची, गुंडाळलेल्या केबलमधे उष्णता साठते आणि वायर वितळू शकते. कधी प्लग हाताला गरम लागला तर ती सूचना समजा आणि लगेच काढा.

बॅटऱ्यांमध्ये रिचार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड घ्या, पण कमी डिस्चार्ज होणाऱ्या, सान्योने 2005 मध्ये एनिलूप आणल्यापासून ड्रॉवरमध्ये महिनोन्‌महिने चार्ज धरून ठेवणाऱ्या बॅटऱ्या सहज मिळतात. रिमोटमधल्या साध्या अल्कलाइन बॅटऱ्या संपल्या की तशाच ठेवू नका, त्या गळतात आणि पत्र्यांना खाऊन टाकतात.

मोठी मशीनं

फ्रीज आतून 4 अंश किंवा कमी, फ्रीझर उणे 18. वरच्या 1 ते 5 च्या नॉबवर विश्वास ठेवू नका, आत एक छोटा थर्मामीटर ठेवा. दाराच्या रबराची परीक्षा सोपी आहे, दारात कागद अडकवून बंद करा आणि ओढा, सहज निघाला तर रबर सैल आहे, आणि हे रबरही सुटं मिळतं. फ्रीज आडवा आणला असेल तर लगेच चालू करू नका, काही तास उभा राहू द्या, कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर उतरायला हवं.

समोरून उघडणारं वॉशिंग मशीन पाणी कमी घेतं पण एक काम विसरू नका. नवीन मशीनच्या मागे ड्रम हलू नये म्हणून मोठे बोल्ट लावलेले असतात, ते काढल्याशिवाय चालू केलं तर मशीन खोलीभर नाचतं आणि आतून तुटतं. काढलेले बोल्ट पिशवीत घालून मशीनच्याच मागे बांधून ठेवा, पुढच्या वेळी घर बदलताना परत लागतील. नंतर चारी पाय फिरवून मशीन समतल करा. पावडर पाकिटावर लिहिलीय त्यापेक्षा जास्त घालू नका, जास्त पावडरने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, फेस अडकतो आणि रबरात काळी बुरशी धरते. धुऊन झालं की दार उघडं ठेवा. खाली कोपऱ्यात छोट्या झाकणामागे पंपाची जाळी असते, तिच्यात बटणं, नाणी, धागे अडकतात, मशीन पाणी काढत नाही अशी तक्रार असेल तर आधी ती बघा, मेकॅनिक नंतर.

गीझर 25 लिटरचा आणि 2 किलोवॉटचा असेल तर थंड पाणी 30 अंशांनी तापायला साधारण 25 ते 30 मिनिटं लागतात, म्हणजे सुमारे एक युनिट वीज, त्यामुळे दिवसभर चालू ठेवायची गरज नाही. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, ॲनोड रॉड, तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही. जड पाणी असेल तर वर्ष-दोन वर्षांत तो बघायला सांगा. बहुतेक सर्व्हिसवाले आपणहून बघत नाहीत आणि मग टाकी गळते. दांडा टाकीच्या मानाने फार स्वस्तात येतो.

साफसफाई

यात बाटल्या फार जमवायची गरज नाही. भांड्यांचा साबण, सायट्रिक ॲसिडची पावडर, ब्लीच आणि मायक्रोफायबरची फडकी, बस. किटलीत आणि नळाच्या तोंडाशी जे पांढरं कडक धरतं ते क्षारांचं असतं, कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड टाकून अर्धा तास ठेवलं की विरघळून जातं, घासावंही लागत नाही. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचा जो उपाय सगळीकडे फिरतो त्यात दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं ते जवळजवळ पाणीच, वेगवेगळे वापरा.

आणि हे मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगा: ब्लीच कधीही ॲसिडमध्ये किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये मिसळायचं नाही. टॉयलेट क्लीनर बहुतेक ॲसिडचे असतात, त्यावर ब्लीच ओतलं की क्लोरीन वायू निघतो, आणि बाथरूमसारख्या बंद जागेत तो जीवावर बेतू शकतो.

हत्यारांची छोटी पेटी

स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, फिरता पाना, मोजायची टेप, टॉर्च, टेफ्लॉन टेप, दोन-चार वॉशर आणि तुंबलेलं मोकळं करायचा रबरी पंप. टेफ्लॉन टेप आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती सुटून येते. डब्ल्यूडी-40 लोक बिजागऱ्यांना तेल म्हणून मारतात, पण ते 1953 मध्ये पाणी हटवायला आणि गंज रोखायला बनवलं गेलं, अडकलेला स्क्रू सोडवायला उत्तम, बिजागरीची कुरकुर त्याने थोडेच दिवस थांबते. तिथे मशीनचं तेल घाला.

माणसं: प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एसीवाला, पेस्ट कंट्रोल

वस्तूंपेक्षा ही यादी जास्त जपावी अशी आहे, आणि ती गळती लागायच्या आधी तयार हवी, कारण रात्री पाणी छतातून पडायला लागल्यावर जो मिळेल तो माणूस बोलवावा लागतो आणि तो म्हणेल तो भाव द्यावा लागतो. त्याच इमारतीत किंवा शेजारी विचारा, तिथली पाइपलाइन आणि वायरिंग त्याने आधी बघितलेली असते. विचारताना "चांगला आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारायचं ते हे, की त्याचं काम बिघडलं होतं का कधी, आणि बिघडल्यावर फोन उचलला का. पहिल्यांदा छोटं काम द्या, एखादा नळ, एखादा स्विच, आणि काम करताना बघा.

आमच्याकडे जे प्लंबरकाका येतात त्यांना मी सगळ्यांकडे पाठवते, आणि का ते सांगते. नळ गळत होता तेव्हा ते नळ बदलू म्हणाले नाहीत. आधी खालचा अँगल कॉक बंद केला, नळ उघडून पाणी पूर्ण थांबल्याची खात्री केली, मग पान्याला फडकं गुंडाळून नळाची मान खोलली, म्हणजे क्रोमवर ओरखडा नको. आतून झिजलेला वॉशर काढून माझ्या तळहातावर ठेवला, मधे गोल खड्डा पडलेला, आणि म्हणाले, "ताई, एवढंच गेलंय." नवा वॉशर बसवला, चालू-बंद करून दाखवला, खालची जागा पुसली. असा माणूस मिळाला की त्याला सोडू नका, पैसे कामाच्या जागीच द्या, उधारी ठेवू नका, आणि फुकटात आणखी दोन कामं गळ्यात घालू नका. चांगल्या कारागिराचं आपल्याकडे परत यावंसं वाटणं हे आपल्या वागण्यावरही असतं.

इलेक्ट्रिशियनला ओळखायची खूण सोपी आहे. बोर्ड उघडायच्या आधी मेन बंद करतो का आणि बंद केल्यावरही टेस्टर लावून बघतो का. जो चालू वायरीत हात घालून "काही होत नाही" म्हणतो त्याला परत बोलवू नका, स्वतःच्या जिवाची काळजी नसलेला माणूस तुमच्या घराच्या अर्थिंगची काय काळजी घेणार.

एसीवाल्याने येऊन गॅस संपलाय, भरावा लागेल म्हटलं तर थांबा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता गॅस भरला तर पुढच्या उन्हाळ्यात तेच काम परत. गळती कुठे आहे ते दाखवा, आधी ती बंद करा, मग भरा, असं शांतपणे सांगा. आणि थंडावा कमी झालाय एवढीच तक्रार असेल तर माणूस बोलवायच्या आधी आतल्या युनिटची जाळी काढून नळाखाली धुवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच फरक पडतो.

पेस्ट कंट्रोलमध्ये झुरळांसाठी फवाऱ्यापेक्षा जेल मागा. झुरळ ते खाऊन फटीत परत जातं आणि तिथे मरतं, त्यातून बाकीच्यांपर्यंतही विष पोचतं. जेल लावल्यावर त्याच जागी स्प्रे मारू नका, मग झुरळं जेलकडे फिरकतच नाहीत. ढेकणांना एका खेपेत काम होत नाही, अंडी राहिली तर ती फुटून परत सुरू होतं, म्हणून दुसरी खेप धरूनच भाव ठरवा, आणि चादरी-उशा 60 अंशांच्या गरम पाण्यात धुऊन कडक वाळवा.

रंगाऱ्याचं थोडक्यात: भिंतीला ओल असेल तर आधी ओल कुठून येतेय ते थांबवा, ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग लावला तरी तो सुटतोच. बाथरूममध्ये सिलिकॉन भरून घेतलं तर साधारण 24 तास पाणी लागू देऊ नका.

कुठल्याही मोठ्या कामाला अंदाज लेखी घ्या, मेसेजवर चालेल, त्यात सामान आणि मजुरी वेगवेगळी लिहायला सांगा. सगळे पैसे आधी देऊ नका. जो भाग बदलला तो जुना भाग परत मागा, मग खरंच बदलला का ते कळतं.

कागद सांभाळायचे आणि दुसऱ्याला सांगायचं

बिलं बऱ्याचदा उष्णतेने छापायच्या कागदावर असतात आणि वॉरंटी संपायच्या आत अक्षरं उडून जातात, म्हणून घरी आल्या आल्या फोटो काढा. त्याच फोटोंमध्ये मशीनच्या मागचं मॉडेल नंबरचं लेबल पण घ्या, कारण सुटा भाग मागताना तोच नंबर विचारतात आणि मशीन एकदा भिंतीला लागलं की ते लेबल दिसत नाही.

आणि कोणी विचारलं की हे घेऊ का, तर "मस्त आहे, घे" एवढंच सांगू नका. किती वर्षं वापरताय, घरात माणसं किती, पाणी जड आहे की गोडं, आत्तापर्यंत काय बदलावं लागलं आणि तो भाग सहज मिळाला का, एवढं सांगा. नुकत्याच घेतलेल्या वस्तूची शिफारस करूच नका, निदान एकदा तरी तिचं काहीतरी झिजू द्या. माणसाचा नंबर देत असाल तर आधी त्याला फोन करून विचारा, "अमुक काम आहे, तमुक भागात, जमेल का?" त्याला तेवढ्या लांब जाणं परवडत नसेल किंवा हातात आधीच काम असेल तर तो तेव्हाच सांगेल, आणि नंबर घेणाऱ्यालाही दोन दिवस वाट बघत बसावं लागणार नाही.